आधी पैशाचा रस्ता, मग विद्यापीठाचं नाव: परभणी जिल्ह्यातल्या एका परदेशी अर्जाचं प्रकरण

अर्जदार मुलगी, वय तेवीस. बी.एस्सी. (ऑनर्स) कृषी, ओजीपीए (एकूण सरासरी गुणांक) दहापैकी 8.1. गाव परभणी जिल्ह्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याला लागून. वडिलांच्या नावावर साडेतीन एकर, त्यातलं एकरभर रान चिबड, म्हणजे पाणी साचून निकामी. आई रोजंदारीला जाते, शिवाय बचत गटाची सचिव. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक; नात्यागोत्यात पगारी माणूस तेवढा एकच. पदवीनंतर वर्षभर ती एका माती परीक्षण प्रयोगशाळेत कामाला होती. तिला मृदाशास्त्रात परदेशातून एम.एस. करायचं होतं, आणि तेही ‘नाव असलेल्या’ विद्यापीठातूनच.

गाव, कॉलेज आणि शेवटी तिनं निवडलेलं विद्यापीठ यांची नावं इथं मुद्दाम दिलेली नाहीत. कृषी पदवीधरांचे असे अर्ज मी वाचून देते. त्यातलं हेच सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण यात हुशारीचा प्रश्न कुठंच आडवा आला नाही. आडवी आली ती पैशाची आणि तारखांची गाठ.

तीन याद्या

2024 च्या पावसाळ्यात ती आली तेव्हा तिच्या वहीत तीन याद्या होत्या.

पहिली वडिलांची. तिच्यात एकच नाव: कोलंबिया. हे घर नवबौद्ध. बाबासाहेब 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन तिथंच गेले होते, त्यामुळं परदेशी विद्यापीठ म्हणजे कोलंबिया, फार तर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. कोलंबियात कृषी विद्याशाखाच नाही हे वडिलांना सांगणं जिवावर आलं होतं, असं ती म्हणाली. मी म्हटलं, सांगून टाक. बाबासाहेब अर्थशास्त्र शिकायला गेले होते, माती शिकायला नाही.

दुसरी यादी छत्रपती संभाजीनगरातल्या एका कन्सल्टन्सीची. सहाच्या सहा विद्यापीठं ब्रिटनमधली, सगळे एक वर्षाचे अभ्यासक्रम, त्यातले निम्मे ‘ॲग्री-बिझनेस’. मृदाशास्त्राचा एकही नाही. हे का होतं ते पालकांनी समजून घ्यावं. ब्रिटनमधली बरीच विद्यापीठं प्रवेशामागे एजंटाला कमिशन देतात, त्यामुळं सल्ला फुकट मिळतो. अमेरिकेत प्राध्यापकाच्या प्रकल्पावर पगारी विद्यार्थी म्हणून मिळणाऱ्या जागेत कुणालाच कमिशन नसतं, म्हणून त्या वाटेचं नावही कुणी काढत नाही. यात लबाडी असेलच असं नाही. पण ज्या दुकानात जो माल असतो तोच तिथं दाखवतात.

तिसरी यादी तिची स्वतःची. क्यूएसच्या जागतिक विद्यापीठ क्रमवारीत वरून खाली येत ओळखीची नावं उतरवलेली. कॉर्नेल, यूसी डेव्हिस, नेदरलँड्सचं वाखेनिंगन आणि आणखी काही.

“मॅडम, रँक बघूनच काढलीय सगळी.”

“आणि पैसे?”

“ते मामा म्हणाले, ॲडमिशन झाल्यावर बघू.”

‘ॲडमिशन झाल्यावर बघू’ या वाक्यात मराठवाड्यातल्या किती पोरांचं वर्ष वाया गेलंय याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. म्हणून पहिल्या दिवशी आम्ही विद्यापीठांची पानं मिटवली आणि पैशाचं पान उघडलं.

पैशाचे रस्ते

वाखेनिंगनची युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठीची फी वर्षाला वीस हजार युरोच्या आसपास. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. राहण्याखाण्याचं धरलं की आकडा साठ लाखांच्या घरात जातो. तिच्या घराचं वर्षाचं उत्पन्न सगळं मिळून दोन लाखांच्या आत.

मामांच्या मनात कर्ज होतं. जमीन तारण ठेवू, म्हणाले. बँकेत गेल्यावर कळलं की साडेतीन एकराचा सातबारा यात कामाचा नाही. तारण वसूल करण्याचा बँकांचा जो मुख्य कायदा आहे, 2002 चा सरफेसी, त्याच्या कलम 31 नं शेतजमीन त्यातून वगळलेली आहे. शेतकऱ्याच्या भल्यासाठीच ती तरतूद आहे आणि ती बरोबरही आहे. पण परिणाम असा की जे विकता येत नाही ते बँक तारण म्हणून धरत नाही. गावठाणातलं घर होतं, त्याला नमुना आठचा उतारा. प्रॉपर्टी कार्ड नाही. बँकेला हवा होता एनए (बिगरशेती) प्लॉट नाहीतर शहरातला फ्लॅट. शैक्षणिक कर्ज साधारण साडेसात लाखांपर्यंत विनातारण मिळतं, त्यापुढं तारण. साठ लाखांच्या खर्चात साडेसात लाख म्हणजे एका सेमिस्टरची फीही धड निघत नाही.

मग शिष्यवृत्त्या. ब्रिटनच्या चिव्हनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, फुलब्राइट-नेहरूच्या मास्टर्स शिष्यवृत्तीला तीन. तिचा एकच वर्षाचा. दोन्ही गळाल्या.

राहिल्या दोन. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती: अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी, वर्षाला 75 जागा, विद्यापीठ क्यूएसच्या पहिल्या 200 मध्ये हवं. आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप: एकूण 125 जागा, त्यातल्या 115 अनुसूचित जातींसाठी, विद्यापीठ पहिल्या 500 मध्ये हवं. म्हणजे क्रमवारी आता कौतुकाची गोष्ट उरली नाही, ती पात्रतेची अट झाली. 200 ची एक रेघ, 500 ची दुसरी. विद्यापीठाचं नाव घ्यायचं ते या दोन रेघांकडं बघून. (मराठा-कुणबी मुलांसाठी सारथीची, इतर मागासवर्गीयांसाठी त्यांच्या खात्याची, अशा वेगळ्या योजना आहेत. त्यांच्याही रेघा असतात आणि त्या सरकतात. त्या वर्षीची जाहिरात हाच शेवटचा शब्द.)

खरी गोम तारखांची. अमेरिकी विद्यापीठं अर्ज डिसेंबरात घेतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तर देतात. शिष्यवृत्तीला उत्पन्नाचा ताजा दाखला लागतो, तो तहसीलमधून नवीन आर्थिक वर्षात काढावा लागतो, आणि राज्याची जाहिरात साधारण उन्हाळ्यात येते. शिष्यवृत्तीला ‘अनकंडिशनल’ ऑफर लागते, म्हणजे विद्यापीठानं कसलीही अट शिल्लक न ठेवता दिलेला प्रवेश. निवड यादी लागेपर्यंत युरोपातले वर्ग भरायची वेळ येते. विद्यापीठ म्हणतं पैसे दाखव, मग पुढचे कागद देतो. शिष्यवृत्ती देणारं सरकारी खातं म्हणतं पक्का प्रवेश दाखव, मग पैसे देतो. मध्ये मुलगी.

हे कळल्यावर तिसरा रस्ता शोधणं भाग होतं.

तिसरा रस्ता

अमेरिकेत शेतीच्या विषयांत प्रबंधासह एम.एस. करणाऱ्या पुष्कळ मुलांची फी विद्यापीठ माफ करतं आणि वर महिन्याचा पगार देतं. याला ग्रॅज्युएट रिसर्च असिस्टंटशिप म्हणतात. पैसा प्राध्यापकाच्या संशोधन निधीतून येतो. आठवड्याला वीस तास त्याच्या प्रयोगशाळेत किंवा शेतावर काम करायचं आणि त्याच कामातून आपला प्रबंध काढायचा. ही जागा संकेतस्थळावर अर्ज भरून क्वचितच मिळते. आधी प्राध्यापकानं ‘मला हिला घ्यायचंय’ म्हणावं लागतं.

अशा जागा सगळ्यात जास्त कुठं? लँड-ग्रँट विद्यापीठांत. 1862 च्या मॉरिल कायद्यानं राज्यांना जमिनी दिल्या गेल्या आणि त्या विकून आलेल्या पैशातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी ही विद्यापीठं उभी राहिली. कॉर्नेल लँड-ग्रँट आहे, कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजे त्यातलं डेव्हिसही, लँड-ग्रँट आहे आणि आपल्याकडं कुणी नाव ऐकलं नसेल अशी कितीतरी आहेत. शिक्षण, संशोधन आणि विस्तार एकाच छपराखाली ठेवण्याची त्यांची पद्धत घेऊनच 1960 मध्ये पंतनगरचं कृषी विद्यापीठ इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीनं उभं राहिलं आणि त्याच साच्यातली पुढची राज्याराज्यांतली. परभणीचं 1972 चं. तेव्हा परभणीच्या मुलीला कॅन्ससच्या किंवा नेब्रास्काच्या कृषी विद्यापीठाची रचना परकी वाटायचं कारण नाही. चुलत घराणंच आहे.

अडचण एवढीच की यातली बरीच नावं 200 च्या रेघेबाहेर आणि काही 500 च्याही बाहेर. त्यामुळं आमची यादी दोन तुकड्यांत झाली. एका तुकड्यात वाखेनिंगन (विषय ‘इंटरनॅशनल लँड अँड वॉटर मॅनेजमेंट’, कालव्याच्या मुलीला अगदी चपखल) आणि यूसी डेव्हिस, सरकारी शिष्यवृत्तीच्या भरवशावर. दुसऱ्या तुकड्यात चार लँड-ग्रँट विद्यापीठं, प्राध्यापकांच्या भरवशावर. कॉर्नेलच्या ज्या प्राध्यापकांना तिनं लिहिलं त्यांनी ‘यंदा माझ्याकडं जागा नाही’ असं सरळ कळवलं. तिथं अर्जच केला नाही. अमेरिकी विद्यापीठांना प्रत्येक अर्जामागं डॉलरमध्ये शुल्क भरावं लागतं. एका ई-मेलनं तेवढे पैसे वाचले.

एक ई-मेल

तिचा पहिला मसुदा असा होता: रिस्पेक्टेड सर, मी अत्यंत मेहनती विद्यार्थिनी आहे, आपलं थोर कार्य वाचून प्रेरित झाले, कृपया आपल्या मार्गदर्शनाखाली संधी द्यावी. सोबत आधार कार्डासह सोळा पानांची पीडीएफ. असे ई-मेल त्या प्राध्यापकांना रोज येतात आणि ते न उघडताच पुसले जातात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

मी तिला विचारलं, प्रयोगशाळेत वर्षभर काय बघितलंस जे पुस्तकात नाही?

तिनं थोडं थांबून जे सांगितलं ते इथं नीट लिहिते, कारण सगळा अर्ज त्यावर उभा राहिला. आपल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक तपासले जातात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सूक्ष्मद्रव्यं, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. त्यात सोडियम नाही. आणि जमीन चोपण होते ती सोडियममुळं. मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचं प्रमाण वाढलं की ओली झाल्यावर ती माती फुटून लोण्यासारखी होते, छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही. वाळली की दगड. हे प्रमाण 15 टक्क्यांच्या वर गेलं की जमीन चोपण मानायची, ही रेघ अमेरिकेतल्या रिव्हरसाइडच्या क्षारता प्रयोगशाळेनं 1954 च्या हँडबुकमधून रूढ केली. आपलीही पुस्तकं तीच शिकवतात. ऑस्ट्रेलियात मात्र ही रेघ 6 वर आहे.

“मी आमच्याच रानाचं सोडियम काढून बघितलं, मॅडम. कुठं 8, कुठं 10. पुस्तकाच्या हिशेबानं जमीन चांगली. आणि बाबा म्हणतात, या रानात पाणीच मुरत नाही. मग खरं कोण?”

आम्ही दोघींनी मिळून हाच प्रश्न सात-आठ ओळींत बसवला. आमच्या काळ्या, भेगाळणाऱ्या जमिनीत चिकणमातीचं प्रमाण खूप, तिथं 15 ची रेघ फार उशिराची वाटते. माझ्याकडं कालव्यालगतच्या शेतांच्या पावसाळ्याआधीच्या आणि नंतरच्या नोंदी आहेत. तुमच्या अमुक शोधनिबंधात तुम्ही पाणी मुरण्याचा वेग मोजलाय, पण चिकणमातीच्या प्रकारानुसार तो वेगळा केलेला दिसला नाही. ते मुद्दाम का? पुढच्या वर्षी तुमच्याकडं एम.एस.ची जागा आहे का? सोबत एक पानाचा बायोडेटा, बस्स. आधार कार्ड नाही.

सगळ्यांनी उत्तरं दिली नाहीत. पण एका मधल्या राज्यातल्या प्राध्यापकानं दोन दिवसांत लिहिलं की तुझा प्रश्न बरोबर आहे, तो भाग आम्ही केलेलाच नाही, व्हिडिओ कॉलवर बोलू. कॉल पाऊण तास चालला. रेंजसाठी ती गावातल्या पाण्याच्या टाकीजवळ बसली होती आणि मागं कुणाचा तरी ट्रॅक्टर. प्राध्यापकानं ट्रॅक्टर कुठल्या कंपनीचा ते विचारलं. शेतीवाल्यांचं सगळीकडं सारखंच.

लातूरची रेल्वे

एसओपी, म्हणजे उद्देशपत्र. मराठवाड्यातल्या मुलांच्या उद्देशपत्रात एक गोष्ट हमखास येते: 2016 साली मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेली रेल्वे. तिच्यापाठोपाठ दुष्काळ आणि शेतकरी आत्महत्या. तिच्याही मसुद्याची सुरुवात तीच. भाषा चांगली, रडू येईल अशी. पण लातूरला ती तेव्हा गेलेली नव्हती, आणि तिच्या गावाला तर कालव्याचं पाणी आहे.

“मग दुष्काळ कुणाचा लिहिलायस?”

“मराठवाडा म्हटलं की तेच लिहायचं असतं ना?”

“तुझ्या रानात काय होतं?”

“आमच्या रानात तर पाणी जास्तीचं हाय, मॅडम. वाफसाच येत नाही.”

हे वाक्य ऐकल्यावर रेल्वे काढून टाकली. दुःख खोटं आहे म्हणून नव्हे. प्रवेश समितीला दुःखाचा दाखला नको असतो; हा माणूस काय बघू शकतो ते हवं असतं. आणि दुसऱ्याचा दुष्काळ उसना घेऊन आपली हलाखी विकायची, हे मला पटतही नाही.

नवा मसुदा कालव्यापासून सुरू झाला. 1976 मध्ये धरण पूर्ण झालं, मागाहून गावात पाट आला, आजोबांनी पहिल्यांदा ऊस लावला. कालव्याचा पाझर, वर उसाला मोकाट पाणी, खाली निचरा न होणारी काळी माती. पाटाच्या अंगाचं रान आधी चिबडलं, मग उन्हाळ्यात वर पांढरं मीठ फुटायला लागलं, मग काही पट्ट्यांत चोपण. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलखात पाण्यानं जमीन जाते, याचं तिनं पदवीच्या चौथ्या वर्षी ‘रावे’च्या, म्हणजे गावात राहून शेतीकामाचा अनुभव घेण्याच्या सत्रात केलेलं टिपण. शेतकऱ्यांच्या विहिरींची पातळी, कुठल्या पट्ट्यात सोयाबीन उगवलंच नाही, चोपण सुधारायला जिप्सम कुणी टाकलं आणि निचरा नसल्यानं ते वाया कसं गेलं. शेवटच्या परिच्छेदात परत येऊन काय करणार हे एका ओळीत: माती परीक्षणात सोडियमचा रकाना आणि काळ्या जमिनीसाठी वेगळी रेघ. ‘मला माझ्या समाजाची सेवा करायची आहे’ हे वाक्य तिनं स्वतःहून खोडलं.

बाकीचे कागद

शिफारसपत्रं तीन लागतात. आपल्याकडचा रिवाज असा की सर म्हणतात, तूच लिहून आण, मी सही करतो. एका सरांकडं आधीपासून तयार नमुना होता, त्यात मुलगी ‘सिन्सिअर, पंक्च्युअल अँड ओबिडियंट’. आज्ञाधारक असणं हा आपल्याकडं गुण आहे. तिकडं संशोधक निवडताना तो वाचणारा बुचकळ्यात पडतो. सर भले होते. त्यांना जाऊन सांगितलं की तिनं नमुने कसे घेतले, कुठं चुकली, पुन्हा कसं केलं, एवढंच लिहा. त्यांनी खरंच लिहिलं. मातीचे नमुने वाळवायला जागा नव्हती म्हणून तिनं वसतिगृहाची गच्ची मागून घेतली, हा प्रसंग मलाही त्या पत्रातूनच कळला. दुसरी एक अडचण: काही पोर्टलना जीमेलचा पत्ता चालत नाही, संस्थेचा लागतो. सरांचा संस्थेचा मेल कित्येक वर्षं उघडलेला नव्हता. हे काम दिवाळीआधी करून घ्यावं, नंतर परीक्षा लागतात.

ओजीपीए दहापैकीच लिहावा. 8.1 ला दहानं भागून चारनं गुणलं की 3.24 येतात आणि चांगली मुलगी मध्यम दिसते. बहुतेक विद्यापीठं मूळ मोजपट्टीच मागतात.

नावाचा घोळ ठरलेलाच. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पदवीवर आईचं नाव जोडलेलं, पासपोर्टवर वेगळाच क्रम. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा पासपोर्टप्रमाणे दिलेली आणि पोर्टलवर गुणपत्रिकेप्रमाणे नाव टाकलेलं, म्हणून एका ठिकाणी इंग्रजीचे गुण आठवडाभर अर्जाला जुळेचनात. पासपोर्टवर जे आहे तेच सगळीकडं, हा एकच नियम. आयईएलटीएसची फी तेव्हा सतरा-अठरा हजार होती, निकाल दोन वर्षं चालतो, तिला 7 मिळाले.

15 एप्रिल

फेब्रुवारीअखेर वाखेनिंगनचा प्रवेश आला. डेव्हिसचा नकार. आणि त्या मधल्या राज्यातल्या विद्यापीठाचं पत्र: फी माफ, महिन्याला दोन हजार डॉलरच्या आसपास पगार, दोन वर्षं.

अमेरिकेतल्या पदव्युत्तर संस्थांमध्ये एक संकेत आहे. आर्थिक मदतीसह दिलेल्या जागेचं उत्तर 15 एप्रिलच्या आधी द्यायची विद्यार्थ्यावर सक्ती नसते. त्या तारखेनंतर मात्र जागा दुसऱ्याला जाऊ शकते. आणि 15 एप्रिलला राज्याची जाहिरातही आलेली नव्हती. एकीकडं हातात असलेला, नाव नसलेला पगार. दुसरीकडं नाव असलेलं विद्यापीठ आणि येईल न येईल अशी शिष्यवृत्ती.

घरात जोरात वाद झाले. मामांचं म्हणणं, “इतकं शिकून, इतकं लिहून, शेवटी कुणी नाव न ऐकलेल्या ठिकाणी? वर्षभर थांब. शाहू मिळेल.” आईचा प्रश्न वेगळाच: “कामून जायलीस इतकं लांब, ते आधी सांग मला.” वडील गप्प. कोलंबिया सुटल्यापासून त्यांना सगळी सारखीच.

माझं मत मी स्पष्ट सांगितलं, पण आधी प्राध्यापकाला एक प्रश्न विचारायला लावला. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेत केंद्र सरकारच्या संशोधन निधीला कात्री लागत होती आणि काही विद्यापीठांनी दिलेले प्रवेशही मागं घेतले होते. तेव्हा प्रश्न हा: माझा पगार कुठल्या निधीतून, आणि तो निधी मंजूर झालाय की मागितलाय? हे विचारायला आपली मुलं लाजतात. तिनं विचारलं. उत्तर आलं की निधी त्या राज्यातल्या धान्य उत्पादकांच्या मंडळाचा आहे, शेतकरी विकलेल्या धान्यामागं जी ठरावीक कपात देतात त्यातून येतो, आणि दोन वर्षांचा मंजूर आहे. तिला ते लगेच समजलं. उसाच्या टनामागं कपात होऊन त्यातून उसावर संशोधन करणारी साखर संस्था चालते, हे मराठवाड्यात शेंबड्या पोराला ठाऊक असतं. वॉशिंग्टनमधल्या धामधुमीचा त्या पैशाशी थेट संबंध नव्हता.

तिनं 14 एप्रिलला होकार कळवला. तारीख तिनं निवडली, मी नाही.

त्यानंतर

पुढं जे घडलं त्यावरून निर्णय बरोबर ठरला असं मी म्हणणार नाही, कारण उलटही घडू शकलं असतं. पण घडलं ते नोंदवते. आय-20 मध्ये, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदात, सगळा खर्च विद्यापीठाच्या नावावर असल्यानं व्हिसासाठी बँकेत रक्कम दाखवायचा प्रश्न आला नाही. साडेतीनशे डॉलर सेविस (परदेशी विद्यार्थी नोंदणी) शुल्क, 185 डॉलर व्हिसा शुल्क, आणि मुंबईची मुलाखतीची तारीख मेच्या सुरुवातीलाच पक्की. 27 मे रोजी अमेरिकी दूतावासांनी विद्यार्थ्यांना नवीन तारखा देणं थांबवलं. आधीच्या रद्द झाल्या नाहीत. जूनमध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या, समाजमाध्यमांची खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवण्याच्या अटीसह. आणि जुलैत केंद्राच्या ओव्हरसीज स्कॉलरशिपची बातमी आली: 106 जणांची निवड, पण सुरुवातीला पत्रं 40 जणांनाच, बाकीच्यांची निधी उपलब्ध होईल तशी. ती वाखेनिंगनवर थांबली असती तर कुठल्या गटात असती, कोण जाणे.

पैशाचा प्रश्न मात्र पुरता सुटला नव्हता. तिकीट, खोलीची अनामत, आरोग्य विमा, माफीत न येणारी किरकोळ शुल्कं आणि पहिला पगार हातात पडेपर्यंतचा खर्च मिळून चारेक लाख. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारणच काय, बाहेरचा जामीनदारही लागत नाही, पालक सहकर्जदार पुरतो. पण वडिलांचं पीक कर्ज थकलेलं. कर्जमाफी होईल या आशेवर गावात निम्म्या लोकांनी थकवलेलं, तसंच त्यांनीही. सिबिल बघून शाखेनं मान हलवली. आईच्या बचत गटाची परतफेड चोख होती, तर ती म्हणे वैयक्तिक धरता येत नाही. शेवटी सहकर्जदार म्हणून सही मामांनी केली, पगारपत्रक जोडून, कुरकुरत. व्याज ती आता दर महिन्याला पगारातून भरते, मुद्दल शिक्षण संपल्यावर.

जाताना तिला आपल्या रानातली माती न्यायची होती. तशी नेता येत नाही. अमेरिकेत परदेशी माती आणायला तिथल्या कृषी खात्याचा परवाना लागतो. प्राध्यापकानं तो मागायचं ठरवलंय. तोवर ती तिथल्याच चिकण जमिनींवर काम करतेय, 15 आणि 6 या दोन रेघांच्या मध्ये कुठंतरी.

वाखेनिंगनला तिनं नकार कळवला तेव्हा त्यांनी पुन्हा अर्ज करता येईल असं लिहिलं. मामांना मी एक गोष्ट दाखवली, त्यामुळं ते थोडे निवळले. शाहू शिष्यवृत्तीत पदव्युत्तरसाठी वयाची मर्यादा 35 आहे आणि पीएच.डी.साठी 40. एम.एस. झाल्यावर दोन निबंध छापून, 200 च्या रेघेच्या आतल्या ठिकाणी पीएच.डी.ला अर्ज करायला तिच्याकडं भरपूर वर्षं आहेत. त्या खेपेला निदान उत्पन्नाचा दाखला एप्रिलातच काढून ठेवायचा, एवढं मामांनी वहीत लिहून घेतलंय.